कायम की तात्पुरतं

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. रात्रीची नाही, भर दुपारची. यंत्रदुरुस्तीच्या एका दुमजली कार्यशाळेतली.

वडील वर बसत, मुलगी खाली. मध्ये इंटरकॉम. दोघांचा आवाज एकाच चिपमधून जायचा. ती चिप संगणकावरून जुळवता येई. कोणता स्वर वाढवायचा, कोणता दाबायचा, ते सांगायचं. 'तात्पुरतं' निवडलं तर वीज बंद करताच चिप सगळं विसरे.

'कायम' निवडलं तर नाही; मग ते मुद्दाम पुसावं लागे.

त्या मंगळवारी वडिलांच्या तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू होता.

"चिपला एकदा सांगितलेलं कळतं. तुला दहादा सांगून कळत नाही."

जेवून आल्यावर तिने त्यांचा खर्जातला स्वर तेवढा दाबून टाकला. तासाभराची शांतता, एवढंच हवं होतं.

घाईत 'कायम' निवडलं गेलं.

स्पीकरमधून वरच्या पंख्याची घरघर येत राहिली. चारच्या सुमारास खुर्ची सरकली… उठले असतील, असं तिला वाटलं.

पाचला ती चहा घेऊन वर गेली. वडील जमिनीवर होते. हातात इंटरकॉमचा माइक.

वेळेत कळलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी नशिबाला बोल लावला. तिने त्याच संध्याकाळी चिप पुसली आणि तोंड मिटलं.

महिन्याने धाकटा भाऊ मदतीला आला. वर बसला. तिने खालून काम सांगितलं… उत्तर नाही.

तो जिन्यात आला. "ताई, बोल की काहीतरी. नुसता तुझा पंखा ऐकू येतोय."

ती बोललीच होती.

तिने चिप संगणकावर वाचली. पडद्यावरच्या आलेखात नेमका तिच्या स्वराच्या जागी खोल खड्डा… 'कायम'.

पुसला. वीज बंद करून पुन्हा चालू केली.

खड्डा तिथेच.

सीलबंद पाकीट फोडून कोरी चिप बसवली. तीही वाचली…

खड्डा आणखी रुंद.

भाऊ एव्हाना तिच्या शेजारी येऊन उभा होता. वर कोणीच नव्हतं.

स्पीकरमध्ये माइकवर नख वाजलं. टक… टक…

मग काही नाही. पण तिच्या टेबलावरचा, वरच्या माइकचा लाल दिवा विझेना. कोणीतरी बटण दाबून धरलं होतं.

ती आपल्या माइककडे वाकली.

"बाबा, तुमचा आवाज मीच बंद केला होता."

पडद्यावरची तिच्या आवाजाची रेघ हललीसुद्धा नाही.

भावाने मात्र ऐकलं.