अंगाइतकी ऊब

पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि ग्रंथपालांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

निवृत्त झाल्यापासून ते सर्व्हेअरबाईंचा पत्रव्यवहार सांभाळत. बाईंनी उमेदीची वर्षं विमा कंपनीसाठी जळकी दुकानं आणि बुडालेली गोदामं तपासण्यात घालवली होती. आता त्या खासगी तपास करत, पण लोकांच्या तोंडी नाव तेच राहिलं होतं.

पत्र एका वायरमनच्या बायकोचं होतं. नवरा कोठडीत होता. त्याने बसवलेल्या दारामागे एक माणूस अडकून मेला होता.

'त्याला सोडवा असं मी म्हणत नाही,' तिने लिहिलं होतं. 'तो म्हणतो, आत हिरवं बटण बसवलं होतं. पोलीस म्हणतात, बटण नाहीच. होतं की नव्हतं, तेवढंच कळवा. मुलगी मला विचारते, बाबा खोटं बोलतात का?'

ग्रंथपाल पुन्हा पुन्हा कागद पुढे ओढत. 'आदरणीय भगिनी' इथपर्यंत गाडी यायची आणि अडायची.

"माहीत नसताना धीर देऊ नका, मास्तर," बाई म्हणाल्या होत्या. "दिलेला धीर परत मागून घेता येत नाही. आधी दार बघू."

दार तंतुवाद्यांच्या एका कारखान्यात होतं. दोन भावांचा कारखाना. थोरला लाकडातला दर्दी, धाकटा हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणारा. वाद्यांसाठीचं लाकूड वाळवायची खोली मागच्या बाजूला होती. बिनखिडकीची, जाड भिंतींची, कायम कोमट ठेवलेली. तिथून लाकूड चोरीला जाऊ लागलं, म्हणून नवं कुलूप आलं. बाहेरून कार्ड दाखवायचं. आतून काहीच करायचं नाही. दाराच्या वर सेन्सर होता, माणूस दाराकडे आला की कुलूप आपोआप सुटायचं.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी वायरमन ते बसवून गेला. सुट्टीत थोरला नेहमीप्रमाणे एकटाच लाकूड बघायला आला. फळ्यांवर बोटाने टिचकी मारून तो तासन्‌तास नाद ऐकत बसे. फोनची लुडबुड नको म्हणून तो बाहेर ठेवी. कारखाना उघडला तेव्हा तो दाराशी कुशीवर मेलेला सापडला. नखं तुटलेली, मुठी सुजलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, आधीच कमजोर असलेलं हृदय बंद पडलं.

फौजदारांनी बाई आणि ग्रंथपालांना त्या खोलीत नेलं. दार मागे लागलं. ग्रंथपाल जरा घाबरूनच दाराकडे वळले, तोच टक आवाज झाला आणि कुलूप सुटलं.

"बघितलंत?" फौजदार म्हणाले. "आता बरोबर चालतंय. त्या दिवशी चाललं नाही. काम कच्चं, दुसरं काय? आणि वर बटणाची थाप. दाराच्या उजव्या हाताला म्हणे."

उजव्या हाताला भिंतीशी छातीइतक्या उंचीची फळ्यांची चळत होती. धाकट्याने पोलिसांना सांगितलं होतं की ती तिथे पूर्वीपासूनच आहे, तिच्यामागे बटण बसवणार कसं?

बाई चळतींभोवती फिरल्या. प्रत्येक चळतीमागे हात घालून पाहिला. हात सहज आत जाई. दाराजवळच्या चळतीमागे मात्र बोटंही शिरेनात. तिच्या खालच्या फळ्यांवर ओरखडे होते.

"धूळ बघताय का?" ग्रंथपालांनी विचारलं.

"तसंच काहीसं."

थोरल्याच्या वस्तू फौजदारांच्या टेबलावर होत्या. चामडी एप्रन आणि त्याच्या खिशातली मलमाची चपटी डबी. बाईंनी झाकण उघडलं. मलम एका कडेला काठापर्यंत चढलेलं, तर दुसऱ्या कडेला डबीचा तळ दिसत होता. पृष्ठभाग मात्र काचेसारखा गुळगुळीत.

"बोटाने काढून काढून तसं झालं असेल," ग्रंथपाल म्हणाले.

"बोटाची खूण कुठाय मग, मास्तर?"

मिस्त्री म्हणजे कारखान्यातला सर्वांत जुना माणूस. डबी पाहून त्याचे डोळे भरले. मलम घट्ट असतं, त्याने सांगितलं. नखाने खरवडायचं, तळहातावर घेतलं की मग वितळतं. खोलीत किती वर्षं ती डबी मालकांच्या खिशात होती, कधी पातळ झाली नाही. बाईंनी चळत कशी लावतात ते विचारलं, तेव्हा तो जरा खुलला. दोन फळ्यांमध्ये पट्टी, आणि भिंतीपासून हातभर जागा सोडायची. वारा फिरला नाही तर लाकूड कुजतं. भिंतीला टेकवून लावली तर मालक सोडत नसत.

भावांचं कसं होतं, तेही बाईंनी विचारलं. तो म्हणाला, धाकट्यांना कारखाना विकायचा होता. थोरले म्हणायचे, मी गेल्यावर विका.

ऊब कमी-जास्त करायचं बटण बाहेर काचेच्या पेटीत होतं. तिची किल्ली मिस्त्रीकडे होती आणि दोन्ही भावांकडे.

धाकटा शांतपणे बोलला. दार उघडलं तेव्हा मिस्त्री सोबत होता. खोली नेहमीसारखीच होती, त्याने कशाला हात लावला नाही. वायरमनने काय सांगितलं, ते त्याला आठवत नव्हतं. मग एकदम त्याचा आवाज चढला.

"माझा दादा त्या उकाड्यात तडफडून मेला हो. आणि तुम्ही त्या माणसाची बाजू घेताय?"

बाई उठल्या.

शेवटी त्या कोठडीत गेल्या. वायरमन खाली बघून बोलत होता. बटण त्याने दोघा भावांना दाखवलं होतं. सेन्सरबद्दलची सूचना मात्र ऐकायला धाकटाच उभा होता, थोरले फळ्यांकडे वळले होते.

"कोणती सूचना?" बाईंनी विचारलं. त्याचं उत्तर त्यांनी ग्रंथपालांना बाहेर आल्यावरही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्वांना वाळवणीच्या खोलीत बोलावलं. बाहेर कार्ड घेऊन एक हवालदार उभा केला. आत दमट उकाडा होता. ग्रंथपालांचा चष्मा धुरकटला, आणि पुसला तरी पुन्हा धुरकटला.

दार लागलं. बाई दाराकडे चालत गेल्या. टक आवाज झाला नाही. फौजदारांनी सेन्सरखाली हात हलवले. काही नाही.

"हा सेन्सर माणूस ओळखतो तो त्याच्या अंगाच्या उबेवरून," बाई म्हणाल्या. "भोवतालापेक्षा माणूस गरम असेल तर तो दिसतो. खोलीच अंगाइतकी तापली, की त्याच्या लेखी माणूस नाहीच. आज मी ती मुद्दाम तापवून घेतलीय. वायरमनने हेच बजावलं होतं. ऊब वाढवलीत तर सेन्सरवर भरवसा ठेवू नका, बटण वापरा."

"पण त्या दिवशी खोली तापली होती कशावरून?" फौजदारांनी विचारलं.

"मलमावरून. ते वितळलं आणि तिरकं थिजलं. मालक कुशीवर पडले होते, डबी खिशात कलंडलेली. म्हणजे ते पडले तेव्हा खोली तापलेली होती, आणि त्यांना उचलायच्या आधी ती थंड झाली. ते आत रमल्यावर बाहेरून कुणीतरी ऊब वाढवली, आणि नंतर उतरवली. किल्ली तिघांकडे होती. त्यातले एक आत मरत होते."

मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला.

"तुम्ही नाही," बाई त्याला म्हणाल्या. "ही दाराजवळची चळत बघा. भिंतीला चिकटलेली, मध्ये पट्ट्या नाहीत. तुमचे हात अशी चळत लावूच शकणार नाहीत. हे काम या लाकडात आयुष्य काढून कधी फळी न उचललेल्या माणसाचं. त्याला नुसतं काहीतरी झाकायचं होतं. आणि डॉक्टर हृदयाबद्दल बोलले, उकाड्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं. एकाच माणसाला तो माहीत होता."

धाकटा घाम पुसत म्हणाला, हे सगळे नुसते तर्क आहेत.

"असतील. बाहेरचा हवालदार आता चहाला जाणार आहे, तसं सांगूनच ठेवलंय. आपण बाहेर कसं पडायचं?"

मिस्त्रीने दाराकडे पाहिलं. फौजदारांनी सेन्सरकडे. ग्रंथपालांनी धुरकट चष्म्यातून बाईंकडे.

धाकटा चळतीकडे पाहत होता. सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळल्यावरही त्याला नजर काढून घेता येईना.

मिस्त्री आणि फौजदार फळ्या उतरवू लागले. दोघांनाही धाप लागली. आजारी माणसाला एकट्याने त्या हलणाऱ्या नव्हत्या. ओरखड्यांपाशी आल्यावर मिस्त्री थांबला, फळीवरून त्याने हात फिरवला आणि मग ती उचलली.

मागे हिरवं बटण होतं. फौजदारांनी ते दाबलं.

टक.

संध्याकाळी ग्रंथपालांनी कागद पुढे ओढला. खूप काही लिहावंसं वाटलं, पण जुळेना. शेवटी एवढंच लिहिलं:

'आदरणीय भगिनी, बटण होतं. आज आम्ही ते दाबलं आणि दार उघडलं. मुलीला सांगा. उत्तराला उशीर झाला, माफ करा.'

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी पाकीट टाकलं. आत पडल्याचा आवाज आला. तरी ते थोडा वेळ तिथेच उभे राहिले.