तीन मात्रांची जागा

इबुकी आणि हागिवाराची ओळख झाली ती एका छत्रीवरून. कोएंजी भागातल्या एका स्टुडिओच्या दारात आठ पारदर्शक छत्र्या, सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या. इबुकीनं त्यातली एक बिनधास्त उचलली.

"अहो, ती माझी आहे."

"कशावरून?"

"मुठीला निळी चिकटपट्टी आहे. तुमच्यासारखी माणसं भेटतात म्हणूनच लावलीय."

इबुकी लाजून लालेलाल! दुसऱ्या दिवशी कळलं, तिच्या दुसऱ्या अल्बमसाठी आलेला नवा साउंड इंजिनियर तो हाच, मित्सुरु हागिवारा. घ्या आता!

पहिला अल्बम तुफान चालला होता. यंत्रातून काढलेल्या तिच्या आवाजानं पोरापोरींना वेड लावलं होतं. दुसऱ्याचं मात्र घोडं अडलेलं. नऊ गाणी झाली, दहाव्याची चाल तयार, शब्दांचा पत्ता नाही. जपानी गाण्यांत चाल आधी आणि शब्द मागून. तोवर गायिकेनं तोंडाला येईल ते गाऊन जागा भरायची.

चार महिने दोघं त्या खोलीत होती. त्याच्या डब्यातला भातगोळा ती सरळ पळवायची.

"छत्री झाली, आता भातही?" तो म्हणायचा.

"आतलं आंबट आलुबुखार तुम्हाला ठेवलंय की!"

मग नजरानजर व्हायची... आणि दोघं एकदम संगणकाच्या पडद्याकडे बघायची. तिला तो आवडायला लागला होता. खूपच. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

एका सोमवारी तो सहज म्हणाला, "पार तिकडे फुकुओकाच्या स्टुडिओनं बोलावलंय. कायमचं. शुक्रवारी उत्तर द्यायचंय."

"जाणार?"

"इथं अडवणारं तरी कोण आहे?"

"हो ना," इबुकी म्हणाली. मूर्ख कुठली!

शुक्रवारी सकाळी ती दहाव्या गाण्याचे शब्द घेऊन आली. तो कानाला हेडफोन लावून बसला होता. कान लाल झाले होते.

"इबुकी-सान, ही तीन मात्रांची जागा आहे ना... इथं काय गायलंय तुम्ही?"

अरे देवा! परवा एकटी असताना जागा भरायला ती जे गायली, ते पुसायचं राहिलं होतं! त्यानं आवाज मोठा केला. मि–त्सु–रु. प्रत्येक ध्रुवपदाला. आडनाव नाही, मानाचं 'सान' नाही, नुसतं नाव. असं नाव आईनं घ्यावं, नाहीतर बायकोनं.

"ते... 'सान' तालात बसत नव्हतं," ती पुटपुटली.

"'हागिवारा-सान' तर मुळीच बसलं नसतं."

"नाहीच. सहा मात्रा होतात."

"मोजल्यात वाटतं?"

"...मोजल्यात."

तो हसला. "खरे शब्द आणलेत ना? द्या, घालू त्या जागी."

इबुकीनं हातातला कागद चुरगळला. "नको. आणि फुकुओकालाही नको जाऊस. मी अडवतेय. मला तू आवडतोस, मित्सुरु."

 आधी त्यानं बटणं फिरवून ती तीन अक्षरं यंत्रातून अशी काढली, की नुसती चकचकीत झिणझिण उरली. मग फोन उचलला.

"हागिवारा बोलतोय. माफ करा, मला यायला जमणार नाही." फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. "झालं. आता पुन्हा म्हण, इबुकी... तालाबिलाची काळजी न करता."

अल्बम आला, आणि त्या तीन मात्रांवर चाहत्यांनी डोकी फोडून घेतली. कुणाला 'मिदोरी' म्हणजे हिरवा रंग ऐकू आला, कुणाला भलतंच काही. इबुकीला विचारलं, तर ती एवढंच सांगते, "तात्पुरता शब्द होता हो. राहिला कायमचा."