किशनरावांचं पटाचं घड्याळ

हे खरं घडलेलं आहे. खोटं वाटलं तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायची ताकद आता माझ्यात राहिलेली नाही.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. मागच्या उन्हाळ्यातली भर दुपार होती. सोनपेठ तालुक्यातलं गोदावरीकाठचं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे आणि तिथेच भाड्याने राहतो.

मला जुन्या घड्याळांचा नाद आहे. बायको, मंजुषा, त्याला रोग म्हणते. सेलवरची, बॅटरीवाली घड्याळं नाहीत, चावीची. त्यात मला वर्षानुवर्षं एकच हवं होतं... जुनं स्विस क्रोनोग्राफ. म्हणजे मनगटी घड्याळातच स्टॉपवॉच. वरची कळ दाबली की मधला लांब काटा पळायला लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. खालची कळ दाबली की काटा टपकन शून्यावर येतो.

असं घड्याळ गावात किशनरावांकडे होतं. बैलांच्या शर्यतीत, म्हणजे शंकरपटात, ते वेळ घ्यायचे. कोणती जोडी किती सेकंदांत आली, हे तेच सांगायचे आणि त्यांच्या शब्दावर कुणी वाद घालत नसे.

किशनराव गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या बायकोने, धुरपतामावशींनी, रुमालात गुंडाळलेलं घड्याळ माझ्या हातावर ठेवलं.

"सर, तुमाला आवड हाय. रोज चावी द्या. बंद पडू देऊ नका. बास, एवढंच."

मी हवेतच घरी आलो. रुमाल सोडला तर काय, स्टॉपवॉचचा काटा पळतोय! कुणीतरी चालू करून तसाच सोडलेला. घड्याळाच्या नादाला लागलेल्या माणसाला हे बघवत नाही. उगाच पळत राहिलं तर आतली चाकं झिजतात. मी वरची कळ दाबली. काटा थांबला. खालची दाबली. काटा शून्यावर. फोटो काढला, घड्याळवाल्यांच्या ग्रुपवर टाकला, शाबासकी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळ टेबलावर होतं. कुणी हात लावला नव्हता.

आणि लांब काटा...

पळत होता.

मी थांबवला. शून्यावर आणला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच भर दुपारी.

माझं डोकं सटकलं. परभणीला घेऊन गेलो. कारागिराने खोलून बघितलं, म्हणाला काही दोष नाही. त्याच्या दुकानात दिवसभर काटा शून्यावर शहाण्यासारखा उभा. घरी आणलं की दुपारी पळायला मोकळा! नांदेडलाही हेच. बसभाडं, सुट्टीचे दिवस, उन्हात वणवण, आणि हाती काय? तर "सर, घड्याळ झकास आहे."

मग मंजुषाने विचारलं, "तुम्हाला घुंगरं ऐकू येतात का हो, दुपारी?"

मी म्हटलं, कुणाचे तरी बैल असतील.

"नदीकडून येतात. पळत येतात. आणि तुम्ही ती कळ दाबली की..."

"की काय?"

"बंद होतात."

मी हसलो. पण त्या दुपारी टेबलासमोर खुर्ची ओढून बसलो. पंखा बंद केला. गल्लीत माणूस नव्हता.

काटा सुटला.

लांबून... नदीच्या अंगाने... घुंगरमाळ. पळणाऱ्या बैलांची. मागे लाकडी चाकांचा खडखडाट.

मी कळ दाबली.

आवाज कापल्यासारखा गेला. पाखरांचासुद्धा.

मी तसाच चपला अडकवून धुरपतामावशींकडे गेलो. खरं सांगतो, भीतीपेक्षा रागच जास्त होता. द्यायचंच होतं तर नीट सांगून द्यायचं ना!

मावशी ज्वारी निवडत होत्या. मी सगळं ओकलो. त्या ऐकत होत्या. मी म्हटलं, "मी रोज थांबवतो, रोज शून्यावर आणतो, तरी..."

त्यांच्या हातातलं सूप खाली आलं.

"शून्यावर?"

"हो. मग काय करू?"

"आरं देवा... सर, काय केलंव हो तुमी..."

मग त्यांनी सांगितलं. पटावर बंदी यायच्या आधीचा शेवटचा पट. त्यांचा एकुलता एक मुलगा हरिओम छकड्यावर, बैल हाकायला होता. किशनराव शेवटच्या टोकाला, आडव्या बांधलेल्या दोऱ्यापाशी घड्याळ घेऊन उभे. तिकडे सुटायची झेंडी पडली, त्यांनी कळ दाबली. जोडी निम्म्यात आली आणि हरिओम खाली पडला. चाक अंगावरून गेलं. बैल उधळले आणि छकड्यासकट बाजूच्या विहिरीत गेले.

दोरा तुटलाच नाही.

"पटाचा कायदाच हाय, सर. दोरा तुटल्याबिगर घड्याळ थांबवायचं न्हाई. ह्यांनी न्हाई थांबवलं. पोराला माती देऊन आले तरी काटा चालूच. रोज सकाळी चावी द्यायचे. म्हणायचे, काटा पळायलाय तवर आपला हरिओम यायलाय. आजून वाटंत हाय."



"इतकी वर्सं त्याला चालता ठिवला. आन् तुमी रोज त्याला मागं न्हेऊन झेंडीपाशी उभं करायलाव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला घड्याळ हवं होतं, फक्त घड्याळ! लोकांच्या घरातलं दुःख गळ्यात बांधून घ्यायला मी कुठे गेलो होतो? घरी येताना मनात हेच चालू होतं. पण त्या दिवसापासून मी कळांना हात लावला नाही. रोज सकाळी चावी देत राहिलो.

काटा पळत राहिला.

घुंगरं रोज दुपारी यायची. आणि रोज थोडी जवळून... आधी नदी. मग शाळेचं मैदान. मग मारुतीचा पार.

मावशी दुपारच्या आमच्या दारात येऊन बसायला लागल्या. नीटनेटकं लुगडं नेसून. गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मंजुषा त्यांना चहा द्यायची. त्यांच्या तोंडावर मी इतकी आशा कधी बघितली नव्हती, आणि खरं तर त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

मग ती दुपार आली.

आदल्या दिवशी फोन आला होता, उद्या गंगाखेडला प्रशिक्षण, हजेरी सक्तीची. ऐन सुट्टीत! पहाटेची एसटी गाठायच्या गडबडीत मी चावी द्यायची विसरलो. तिथे गेलो तर कळलं, प्रशिक्षण पुढे ढकललंय. शिव्या घालत भर उन्हात परत आलो.

मावशी दारातच उभ्या होत्या. मंजुषा भिंतीला टेकून, पांढरीफटक.

घुंगरं आमच्या गल्लीत होती.

गल्ली रिकामी. ऊन नुसतं. पण आवाज... चार घरं पलीकडे. मग तीन. धुळीचा वास आला. तापलेल्या बैलांचा वास आला.

आणि आवाज मंद व्हायला लागला.

मी टेबलाकडे बघितलं. काटा रखडत होता. सरकायचा, थबकायचा, सरकायचा...

"सर, चावी!" मावशी ओरडल्या. "चावी द्या! पोरगं आलंय माझं!"

मी घड्याळ उचललं. हात घामाने निसटत होते. चावी भराभरा पिळली. पुरेशी झाली हे कळलंच नाही, आणखी पिळली.

आतून आवाज आला.

कट्ट.

स्प्रिंग तुटली. चावी बोटांत सैल फिरायला लागली. काटा मध्येच उभा.

घुंगरं थांबली.

मावशींनी माझ्याकडे बघितलं.  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उंबऱ्याबाहेरून आवाज आला.

श्वासाचा. जड, धापांचा. दोन जनावरं दमून उभी राहावीत तसा...

बाहेर कुणी नव्हतं.

याला आता वर्ष होत आलं. तसली स्प्रिंग मिळत नाही. मी परभणी, नांदेड, औरंगाबाद सगळं पालथं घातलं. शेवटी एकाने जुन्या घड्याळातली काढून बसवतो म्हणून सांगितलं, पण त्यासाठी काटे काढावे लागतील आणि परत लावताना लांब काटा शून्यावरच लावावा लागेल. मी घड्याळ उचललं आणि निघून आलो. दुरुस्त करावं तर पोरगं परत झेंडीपाशी, न करावं तर असंच. तुम्हीच सांगा, काय करू?

मंजुषा या मे महिन्यात सेलूला माहेरी जाणार आहे. दुपारी या घरात थांबायचं नाही म्हणते. तिचंही खरंच आहे.

धुरपतामावशी मात्र रोज येतात. ऊन चढलं की आमच्या उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली ठेवतात. शेजारी फडक्यात बांधलेली भाकरी आणि ठेचा. म्हणतात, पोरगं सकाळपासून उपाशी हाय.

दिवस कलला की मी दार उघडतो.

बादली रिकामी असते. रोज. तळाला लाळ आणि कडब्याचं एखादं पान.

भाकरीला कुणी हात लावलेला नसतो.

परवा मावशींनी ते फडकं उचललं आणि मला विचारलं, "सर, बैल तर दारात आलेत... मग माझा हरिओम कुठं हाय?"

मी आत आलो आणि दार लावून घेतलं.