दोघांची खाट

भुताचे किस्से लोक रात्रीचे सांगतात. माझ्यासोबत घडलं ते भर सकाळी, लख्ख उजेडात. यातला एक शब्दही पदरचा नाही.

बंद पडलेल्या गिरणीमागच्या कामगारांच्या खोल्या दुरुस्त करून तिथे कॅफे, दुकानं काढायची होती. एक खोली मात्र जुन्यासारखी मांडून लोकांना दाखवायची होती. ते काम माझ्याकडे होतं.

लग्नाआधी माझे बाबा त्याच खोलीत राहायचे. मांडणी त्यांना विचारूनच केली. खाट एक, माणसं दोन. बाबा दिवसपाळीला, त्यांचा जोडीदार रातपाळीला. एक उठला की दुसरा आडवा व्हायचा.

उद्घाटनाला बाबा आले. अंगात जुनाच सदरा, पायात रबरी चपला. जिना चढून दमले आणि खाटेवर टेकले.

समोर बडे पाहुणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठा ना. त्यावर बसायचं नसतं."

ते मुकाट्याने उठले.

"कोण हे?" एका बाईंनी विचारलं.

"इथले जुने कामगार," मी म्हणाले.

बाबांनी ते ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी आवराआवरीत फार उशीर झाला, म्हणून मी तिथेच झोपले. त्याच खाटेवर.

सकाळी जाग आली ती पावलांनी.

लाकडी जिना वाजत होता... एकेक पायरी... दमलेल्या माणसाची चाल.

लाकडी जिना आम्ही कधीच काढून टाकला होता. आता तिथे सिमेंटचा आहे.

पावलं दाराशी थांबली. डबा खाली ठेवल्याचा आवाज आला... कुणीतरी उंबऱ्यावर बसलं. "हुश्श" केलं...

मग काहीच नाही.

"कोण आहे?"

दार सताड उघडं होतं. मी रात्री कडी लावली होती. उंबऱ्यावर नुसतं ऊन.

मी उठले. दोन पावलं टाकली असतील, तोच मागे... खाट करकरली.

वळून पाहिलं. उशी हळूहळू दबत होती.

खाली कशी आले, आठवत नाही. तडक घर गाठलं. बाबा दाढी करत होते. सगळं ऐकूनही ते घाबरले नाहीत.

"तो कधी उठवायचा नाही गं," ते म्हणाले. "माझा डोळा लागलेला दिसला की उंबऱ्यावर बसून राहायचा. रात्रभर मशीनवर उभा राहून आलेला माणूस! मी ओरडायचो, अरे, हलवायचं ना मला. तर म्हणायचा, टेकलेल्या माणसाला उठवू कसा?"

"आता कुठे असतात ते?"

"रातपाळीवरच गेला तो. मी सकाळी खाट मोकळी करून त्याची वाट बघत बसलो होतो."

त्यांनी गालावरचा साबण पुसला. मग म्हणाले, "तू लगेच उठलीस ना पण?"

"हो."

"बरं केलंस. माझी मुलगी शोभतेस."

आदल्या दिवशी त्या बाईंना एवढंच सांगायचं होतं. तेवढं माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

खोलीची किल्ली मी दुसऱ्या कुणाकडे देऊन टाकली आहे. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण त्याहून लाज वाटते.

मी बाबांना उठवलं, तेव्हाही तो तिथेच उंबऱ्यावर बसलेला असेल तर...