डावं मागचं चाक

शंतनु तसा भला माणूस. फक्त त्याचा कशावर चटकन विश्वास बसायचा नाही. गॅसवाला गेला की सिलिंडर हलवून बघणार, कुलूप लावलं की पुन्हा पुन्हा ओढणार. बायको, आसावरी, त्याला हसायची आणि त्याला ते चालायचंही. पुण्याहून बेंगळुरूला येऊन सर्जापूर रोडवरच्या एका उंच इमारतीत दोघांनी संसार मांडला होता. एक साधी पांढरी हॅचबॅक होती. शंतनु घरूनच काम करी, त्यामुळे गाडी रोज ऑफिसला न्यायची ती आसावरीच.

एके दिवशी तिनं ती खड्ड्यात घातली आणि डाव्या मागच्या चाकाची रिम वाकली. वर तिला चीरही गेली.

इमारतीच्या तळघरात रविवारी सकाळी गाडीवाल्यांची बैठक जमायची. बादली, फडकं, थर्मासमधली कॉफी, आणि गप्पांना विषय एकच. कोणाचं अलाइनमेंट गेलं, कोणाचं टायर कुठून झिजलं. तिथले जाणकार म्हणजे बेळगावचे जयतीर्थ. चाकांमधलं आपल्याला फार कळतं, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं.

"चीर गेलेली रिम वेल्डिंग करू नका ओ," ते म्हणाले. "तिकडं पीण्या एरियात आमच्या ओळखीचा नागराज हाय. त्याच्याकडं जुनी मिळतीय, अगदी जोडीची. चला, मी येतो की."

नागराजच्या दुकानात भिंतीशी रिमांची चळत लावलेली होती. त्यानं त्यातली एक ओढून काढली. ही कुठल्या गाडीची, असं शंतनुनं सवयीप्रमाणे विचारलं. मग परत विचारलं.

"गाडी गेली, सार," एवढंच नागराज म्हणाला.

चाक बसल्यावर जयतीर्थांनी खिशातून लिंबू काढून त्याच्यापुढं जमिनीवर ठेवलं. "दुसऱ्याचं चाक हाय. हे चिरडून पुढं जावा, म्हणजे जे असंल ते हितंच राहतंय."

ते नागराजशी बोलायला वळले, तसं शंतनुनं लिंबू उचललं. पातळ सालीचं, रसरशीत. असलं लिंबू धुळीत चिरडायचं? त्यानं ते मागच्या सीटवर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर पिळलं. आसावरीला आंबट सोसत नसे. त्यानं मात्र दोन्ही फोडी पिळून घेतल्या.

महिना सरला असेल. रविवारी गाडी धुताना जयतीर्थ मागच्या चाकाशी उकिडवे बसले आणि बसूनच राहिले.

"शंतनु, हिकडं या. हे टायर बघा. दोन्ही कडा खाल्ल्यात. बाकीची तिन्ही ठणठणीत."

"हवा कमी असेल."

हवा तपासली. बरोबर होती.

"मग वजन. डावीकडं मागं रोज कोण बसतंय? चांगलं जड माणूस दिसतंय."

"कोणी नाही. आसावरी एकटीच जाते."

"कोणाले तरी लिफ्ट देऊन राहिल्या असतील वहिनी," नागपूरचा पद्मनाभ म्हणाला आणि सगळे हसले. शंतनुही हसला. पण ते बोलणं त्याच्या मनात रुतून बसलं.

संध्याकाळी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. "मागे कोण बसतं गं?"

"कोण बसणार? माझी बॅगसुद्धा पुढच्या सीटवर असते."

ती खोटं बोलत नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. पण शंतनुला चेहऱ्यावरून काही वाटून घ्यायची सवय नव्हती. ती झोपल्यावर तो खाली जाऊन मागची सीट हुंगून आला. जळक्या रबराचा वास होता, आणि कापड चुरगळलेलं होतं, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखं. सकाळी गॅलरीतून त्यानं गाडी बाहेर पडताना पाहिली. गाडीची डावी मागची बाजू चक्क दबली होती. फाटकाजवळच्या स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं. काचेतून दिसत होती ती एकटी आसावरी.

त्यानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. शेवटी तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"शंतनु, आणखी एकदा हे विचारलंस ना, तर मी पुण्याला दादाकडे निघून जाईन. मग मला आणायला येऊ नकोस."

ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. आणि तिच्यावाचून शंतनुचं पान हलत नसे. तो गप्प बसला. पण संशय काही गप्प बसेना.

दुसऱ्या दिवशी तिच्या परतायच्या वेळी तो तळघरात जाऊन एका खांबाआड उभा राहिला. तिथले दिवे हालचालीवर चालणारे. कोणी हललं की त्याच्या डोक्यावरचा दिवा लागे, नाहीतर काळोख. शंतनु श्वास रोखून उभा होता, म्हणून त्याच्यावरचा दिवा विझला.

गाडी आली. दिवे लागले. आसावरी उतरली, बॅग घेतली, गाडी लॉक केली आणि लिफ्टकडे गेली. एकटी. मागे वळूनही न पाहता. लिफ्टचं दार मिटलं. एकेक करत दिवे विझले.

शंतनुला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

तेवढ्यात काळोखात स्प्रिंग कुरकुरली...

माणूस उतरल्यावर गाडी वर उठते ना, तसा आवाज. दार उघडलं नव्हतं. तरी गाडीच्या वरचा छताचा दिवा लागला. मागची बाजू सरळ झालेली त्याला स्वच्छ दिसली. मग पुढचा दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. ते लिफ्टच्या दिशेनं गेले नाहीत. ते त्याच्याकडे येत होते.

शेवटी त्याच्या डोक्यावरचा दिवा लागला. तो तर हललाही नव्हता.

बऱ्याच वेळानं तो विझला, तेव्हा शंतनु कसाबसा वर आला. डावा पाय जड झाला होता. उभं राहून मुंग्या आल्या असतील, असं त्यानं स्वतःला समजावलं.

रात्री त्यानं आसावरीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. ती रडली, रागावली आणि मग त्याला माफ केलं. त्याच आठवड्यात त्यानं ती रिम नागराजकडे परत टाकली आणि कोरी बसवली.

"त्या वेळी लिंबू चिरडलं होतं नव्हं?" जयतीर्थांनी विचारलं.

"हो," शंतनु म्हणाला.

गाडी आता सरळ उभी राहू लागली. रिमबरोबर घातलेलं नवं टायरही झिजेना. संशय गेला, घरात पुन्हा हसणं आलं आणि दोघं सुखानं दिवस काढू लागले.

एका संध्याकाळी आसावरी ऑफिसातून आली. शंतनु सोफ्यावर बसला होता. दाराशी सँडल काढता काढता तिनं त्याची डावी चप्पल उचलली. दिवाळीला तिनंच आणलेला जोड, संध्याकाळी खाली फेरी मारायला जाताना तो घालायचा.

"शंतनु, ही बघ. दोन्ही कडा झिजल्यात. आणि उजवी तर कोरी आहे." ती हसली. "मी नसताना कोणाला कडेवर घेऊन फिरतोस रे?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

तिचं हसू हळूहळू मावळलं. चप्पल हातात तशीच धरून ती त्याच्याकडे बघू लागली. संशयाच्या त्या दिवसांत तो तिच्याकडे बघत होता, अगदी तसं.

"खरंच कोणी नाही गं," असं म्हणत तो तिच्याजवळ जायला उठला. उजवं पाऊल सहज उचललं गेलं.