दस्तीखालचा सौदा

२०२३ साल. चैत्रातला रविवार, भर दुपार. गाव शिरड शहापूर, आमच्याच घराचं अंगण.

जे लिहिते आहे ते माझ्या डोळ्यांदेखत झालं. पटलं नाही तर सोडून द्या. मला आता कोणाला पटवायचा कंटाळा आला आहे.

माझे यजमान जळबाजी बैलबाजारात दलाली करायचे. त्याच कमाईवर त्यांनी हे पत्र्याचं घर बांधलं. ते गेले, आणि मी एकटी राहिले. गुडघे कामातून गेले. पाण्याची घागर उचलायलाही शेजाऱ्यांना हाक मारावी लागायची.

हिंगोलीला माझी धाकटी बहीण चांगुणा राहते. तिच्या भिंतीला लागून दोन खोल्या विकायला निघाल्या होत्या. मला त्या पाहिजे होत्या. उरलेले दिवस दोघी बहिणींनी बोलत-बसत काढायचे, एवढीच इच्छा.

म्हणून घर विकायला काढलं. आठवडा झाला नाही तोच पहिलं गिऱ्हाईक आलं.

रूपसिंग. यांचा बाजारातला जुना जोडीदार. त्यानं सांगितलेली किंमत रास्त होती. मी मनातून तयार होते.

पण मुलगा बालाजी नांदेडहून आला, सोबत सून साधना.

"माय, पहिल्याच गिऱ्हाईकाला कोणी हो म्हणतं का? आता कुठं भाव चढून राहिला."

"अन् तोवर चांगुणाजवळच्या खोल्या गेल्या म्हंजे?"

"दुसऱ्या भेटतेल."

"बहीण बी दुसरी भेटन का?"

तो मोबाईलमध्ये बघू लागला. साधना म्हणाली, "आत्याबाई, रस्ता रुंद होणार म्हणतेत. थांबा की जरा. तुमाला काहून एवढी घाई?"

"मला न्हाई बाई. माझ्या गुडघ्याला है."

कोणी हसलं नाही. घर माझं, गुडघे माझे, आणि भाव या दोघांना कळतो.

त्या रविवारी दुपारी रूपसिंग पुन्हा आला. शेजारीपाजारी भिंतीवरून माना काढून बघत होते. म्हणून त्यानं बाजेवर बसून खांद्यावरची दस्ती, म्हणजे मोठा रुमाल, पसरली.

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात दस्तीखाली जातात. बोटं दाबून आकडा सांगायचा. मान्य असेल तर समोरच्याचा पंजा धरायचा. पंजा धरला की सौदा पक्का. मग मागं फिरायचं नाही, आणि तो माल दुसऱ्याला द्यायचाही नाही.

बायका हे करत नाहीत. पण रूपसिंग म्हणाला, "वैनी, घर तुमच्या नावावर है. हात तुमचाच लागन."

मी हात घातला. त्यानं बोटं दाबली. आधी सांगितलेल्यापेक्षा थोडं वाढवूनच.

मला पंजा धरायचा होता. खरं सांगते, धरणारच होते.

"न्हाई म्हण, माय," मागून बालाजी म्हणाला.

मी चिडले. पण भरल्या अंगणात पोटच्या पोराचा शब्द कसा मोडायचा? मुकाट हात काढून घेतला.

माझे दोन्ही हात पदरात होते.

दस्ती मात्र... खाली बसली नाही.

रूपसिंग हसला. "झालं मंग. पक्का."

"काय पक्का? म्या तर हात काढला."

त्यानं माझ्या पदरातल्या हातांकडं पाहिलं. मग दस्तीकडं...

कापडाखाली त्याच्या हातावर उंचवटा होता. तो हलला. पकड घट्ट केल्यासारखा.

शेजारच्या वावरात हळद शिजवायचा बॉयलर सकाळपासून फटफटत होता. तोही ऐकू येईना.

"वैनी..." रूपसिंग पुटपुटला. "ह्यातलं एक बोट... अर्धं है."

माझ्या यजमानांचं उजव्या हाताचं अर्धं बोट कडबा कापायच्या कुट्टी यंत्रात गेलं होतं. रूपसिंग तेव्हा जवळच उभा होता.

त्यानं हिसका देऊन हात सोडवला आणि अनवाणीच पळाला. मोटारसायकलसुद्धा नंतर दुसऱ्यानं येऊन नेली.

चांगुणाजवळच्या खोल्या त्याच महिन्यात विकल्या गेल्या. ती फोन करते. तिला ऐकू कमी येतं, मला बोलायला दम पुरत नाही.

बालाजी अजून म्हणतो, भाव वाढणार आहे. पण फोनवरच म्हणतो. साधना त्या दिवसानंतर या अंगणात आली नाही.

रूपसिंगनं बाजार सोडला. मी त्याला फोन केला होता. म्हटलं, घर घ्या, नाहीतर सौदा मोडला म्हणा.

तो म्हणाला, "मोडणारा मी कोण? ज्यानं पंजा धरला त्यालाच इचारा."

विचारलं. रिकाम्या अंगणात उभी राहून विचारलं. अहो, मदत करायची होती तर मी हात काढायच्या आधी करायची. उत्तर आलं नाही.

दस्ती बाजेवरच आहे. मी ती उचललेली नाही. वारा सुटला तरी ती उडत नाही...

भीती वाटते. पण त्याहून जास्त राग येतो. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या मनातलं ओळखलं, आणि त्यानंच गिऱ्हाईक पळवलं.

परवा एक नवीन माणूस दारापर्यंत आला. घर त्याला आवडलं. भावही चांगला बोलला.

मीच म्हटलं, द्यायचं नाही.

एकदा दिलेलं घर दुसऱ्यांदा कसं देऊ?