रिकाम्या खुर्चीचा हुंकार

हसणार नसाल तर सांगते. त्या रविवारी भरदुपारी, ‘ही गेले आणि ही आले’ म्हणत मी ऑफिसात गेले. आमचं यंत्र मुलांच्या वॉर्डात थेंबथेंब औषध सोडतं आणि त्याचा प्रोग्राम माझ्याकडे. सोमवारी सकाळी यंत्रं हॉस्पिटलात जायची होती, आणि शनिवारी चाचणीत एकानं दुप्पट औषध सोडलं. का, ते कुणालाच कळेना.

मजल्यावर चिटपाखरू नव्हतं. एसी बंद, पडदे ओढलेले, कोंदट हवेत तापलेल्या वायरचा वास. सासूबाईंचा फोन आला, जेवायला कधी येतेस म्हणून. स्पीकरवरच ‘येतेच’ म्हटलं आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

आमच्या कामात एक रीत आहे. चूक सापडेना, की कुणाला तरी शेजारी बसवायचं आणि प्रोग्राम ओळीओळीनं समजावून सांगायचा. ऐकणारीला काही कळलं नाही तरी चालतं, तिनं नुसतं ‘हं’ म्हणायचं. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. त्या दिवशी शेजारी फक्त रिकामी खुर्ची होती. म्हटलं, दगडापेक्षा वीट मऊ.

“इथे औषधाचं प्रमाण वाचलं...”

“हं.”

मला वाटलं, भास झाला. पुढची ओळ सांगितली.

“हं.”

बाईचा आवाज होता, हळू, अगदी कानाशी. मान वळवायची छाती होईना. पण उद्या ती यंत्रं लेकरांच्या उशाशी असणार होती. मी वाचत राहिले, आणि ओळीओळीला हुंकार येत राहिला.

“वीज जाऊन आली, की दिलेल्या औषधाचा आकडा शून्य...”

काहीच आलं नाही.

तीच ओळ पुन्हा वाचली. तरी नाही. आणि मग मला दिसलं. वीज परतली, की यंत्र आधी दिलेलं औषध विसरत होतं आणि पहिल्यापासून देत होतं. ओळ बदलली, चाचणीसाठी समोर ठेवलेल्या यंत्रात नवा प्रोग्राम घातला, त्याची पिन काढून पुन्हा लावली. त्याला सगळं आठवत होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, इतकं हलकं वाटलं. भीतीबिती कुठल्या कुठे पळाली.

तेवढ्यात उपड्या फोनातून सासूबाई बोलल्या. मी तो बंदच केला नव्हता.

“सापडली ना गं चूक? मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. ती हं-हं करणारी कोण? तिलाही घेऊन ये जेवायला.”

मी दिवे घालवले. खुर्चीकडे न बघता विचारलं, “येता का?”

उत्तर आलं, ते लिफ्टचं दार मिटल्यावर, आत, अगदी कानाशी.